गहाळ दाखला

कोपरखैरण्यात, तीन टाकीच्या बाजूनं गेलं तर
आमच्या गेटपासून पोलीस ठाण्यापर्यंत
सहाशे चाळीस पावलं आहेत.
जातानाची. येतानाची कमी भरतात.

पहिल्यांदा गेले तेव्हा ठाणे अंमलदार जेवत होते.
स्टीलचा डबा, मेथीची भाजी,
हातात भाकरीचा तुकडा.
जेवत्या माणसाला उठवू नये,
आईनं शिकवलंय.
मी बाहेरच्या पाटीवरचे सगळे नंबर वाचले
आणि घरी आले.

त्याआधीच्या अकरा दिवसांत
तो ड्रेस दोनदा धुऊन झाला होता.
एकदा मी. मग आईनं,
"नीट खळबळला नाहीस गं, साबण राहिलाय सगळा."
तिनं तो गॅलरीत वाळत घातला,
समोरच्या साऱ्या खिडक्यांसमोर,
आणि माझा पुरावा
दुपारच्या उन्हात कडकडीत वाळला.

वैजूताईला सातवा लागलाय.
पायांवर सूज आहे.
भावोजी रोज रात्री तेल लावून देतात पायांना,
ती येईल त्याला कौतुकानं सांगते.
मी तिला काय सांगायचं?
की त्याच हातांनी
नाही. हे वाक्य मी इथंही पुरं करत नाही.

दुसऱ्यांदा आत गेले.
खुर्ची मिळाली, पाणीही.
"बोला मॅडम, काय हरवलं?"
सहज म्हणाले. त्या टेबलाशी
दिवसभर हरवल्याचीच माणसं येतात.
नाव?
पूर्वा कडू.
"कडू म्हणजे उरणकडचे?"
हो, पागोटे.
"मग ते सेक्टर अकराचे, स्पेअर पार्टवाल्यांची बायको
तुमच्याच गावची की! तुमचे कोण ते?
माझ्या गाडीचा क्लच त्यांनीच टाकला.
मजुरी घेतली नाही. फार सज्जन माणूस."
त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.
पंखा फिरत होता. कागद उडू नये म्हणून
त्यांनी त्यावर एक जप्त मोबाईल ठेवला होता.
मी म्हटलं,
पॅन कार्ड.

कुठे हरवलं?
सेक्टर अकरा, गाळा नंबर चार, पोटमाळ्यावर.
त्यांनी लिहिलं, "सेक्टर अकरा परिसरात."
कधी?
नऊ तारखेला, संध्याकाळी सव्वासातला.
"एवढं नेमकं आठवतं?"
हो.
"कुणावर संशय?" हा रकाना छापीलच होता.
मला न विचारता
त्यांनी त्यात आडवी रेघ ओढली.

गोल शिक्का, जांभळी शाई.
गहाळ.
काय शब्द आहे!
ह्यात कुणी काही नेलेलं नसतं,
वस्तू आपली आपण जाते.

पॅन कार्ड पर्समध्येच होतं,
पूर्ण वेळ, माझ्या मांडीवर.

ऑफिसातली मृणाल, तिला एकटीलाच माहीत आहे,
जेवणाच्या सुट्टीत हळूच विचारते,
"अजून गेली नाहीस?"
तिचं चुकत नाही. ती नेरुळला राहते,
मजल्यावर शेजारच्यांची नावंही तिला ठाऊक नाहीत.
मी गेले होते, म्हटलं.
दाखला आहे, दाखवू?

तारीख खरी आहे. वेळ खरी.
जागा जवळपास खरी.
ठाण्याच्या मोठ्या वहीत नोंद आहे, शाईनं.
फक्त वस्तूचं नाव चुकलंय.
ते दुरुस्त करता येतं का,
किती दिवसांत, सोबत काय काय जोडावं लागतं,
हे विचारायला
मी अधूनमधून पावलं मोजत निघते.

काल चारशे दहापर्यंत पोचले होते.
तिथं रसवंती आहे, ओळखीची.
घुंगरांचं चाक थांबवून तो म्हणाला,
"ताई, एवढ्या उन्हाची कुठे?"

झेरॉक्स काढायला, मी म्हटलं.