दोनपायी

आधी ती छत्रीची काडी होती.
शेडबाळच्या लोहारानं तापवून, वाकवून,
टोकाशी चिरून तिला दोन पाय काढले,
एक बोथट, एक धारेचा.
मूठ बाभळीची, आज्यानं तासलेली.
अंगठ्याखाली खोलगट झाली
ती मात्र अप्पाच्या हातात,
तीस वर्षं दाबून दाबून.

बोथट पाय चामड्याच्या बाहेरनं चालतो,
कडेला अंग घासत, काही न कापता.
धारेचा आतून येतो त्याच्या सोबतीनं
आणि मागं रेघ सुटते,
कडेपासून एका जोंधळ्याच्या दाण्याइतकी आत.
दाणा खरंच लावून बघायचा अप्पा.
शाळूचाच. हायब्रीडचा नको म्हणायचा,
त्याचा भरवसा नाही.

आम्ही दोनपायी म्हणायचो.
आई रायबागकडची, ती म्हणायची गेरेकड्डी.
कुठल्याही नावानं मागा,
हातात तीच यायची,
हिरड्याच्या वासाची.

रेघ घ्यायच्या आधी तळवा ओलवायचा.
फार नाही,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाइतका.
मग टाचेपाशी अप्पा श्वास धरायचा.
दारात पोस्टमन उभा राही,
कोंबडी येऊन वादीचं टोक ओढी,
आई दोन भाषांत हाका मारी,
ओ नाही.
फक्त चामड्याचा आवाज,
उंदीर कागद कुरतडतो तसला, बारीक.

आणि चवड्यापाशी, पाऊल मोडतं तिथं,
तो हत्यार उचलायचा.
तीन बोटं जागा कोरी.
पुन्हा टेकवायचा. पुन्हा रेघ.

इचलकरंजीचा शेट्या जोडी उलटीसुलटी करून म्हणाला,
"रेघ तुटली की गा रायाप्पा.
अखंड पायजे. गिऱ्हाईक बोट फिरवून बघतंय."
"बोटावर चालत न्हाई गिऱ्हाईक," अप्पा म्हणाला.
शेट्यानं जोडीमागं दोन रुपये कापले.
त्यालाही एखादं हत्यार असणार,
मी कधी पाहिलं नाही.

मी विचारलं होतं एकदा, दिवा मालवताना.
"वाकतंय तिथं कापू ने, कलव्वा.
तिथनंच फाटतंय."
एवढंच.
मग वळकटी सोडून आडवा झाला
आणि लगेच घोरायला लागला.

आता मी अथणीबाहेरच्या शेडमध्ये असते.
मशीनवर तळवा ठेवायचा, पायडल दाबायचं,
धप्प.
सगळीकडनं एकदम रेघ, अखंड,
शेट्याच्या नातवाला आवडते तशी.
दिवसाला दोनशे तळवे.
खोटं कशाला बोलू,
पाठ दुखत नाही.
दोनपायी घरी सुयांच्या डब्यात आहे.
धारेचा पाय गंजला.
बोथट अजून चकचकीत.

परवा चिकोडीच्या स्टँडवर
समोरच्या बाकड्यावर एकजण शेंगा सोलत होता,
चपला काढून, पाय वर घेऊन.
मला चेहरा आधी दिसलाच नाही.
कडेची रेघ मळानं काळी पडलेली,
टाच नवी, पट्टा भलत्याच कुणीतरी शिवलेला,
आणि चवड्यापाशी
तीन बोटं कोरी.
तिथं शंभर सुरकुत्या होत्या.
चीर एकही नव्हती.

"कुठं घेतलाय ह्या?"
"गोत्तिल्ल अक्का. सासऱ्याच्या हैत.
ते गेले, मला बरोबर बसल्या."
त्यानं मूठभर शेंगा पुढं केल्या.
मी घेतल्या.
घसा काही बोलू देईना, म्हणून चावत राहिले.

निपाणीची गाडी लागली.
त्यानं टरफलं झटकली, चपला चढवल्या,
दांडीला धरून पायरीवर पाय ठेवला.
पाऊल वाकलं.
कोरी जागा दुमडली,
उघडली,
आणि गेली आत.