मधाचं बोट

कचऱ्याची काळी पिशवी पोटाखाली अंथरून
मी दलदलीत पालथी पडले आहे.
कॉनेमारा, जुलै, सकाळचे साडेसहा.
कोपर रुतलं की खालचं पाणी
कोऱ्या चहाच्या रंगाचं
हळूच बाहीत शिरतं.

“अजून डावीकडे,” फेश्टी म्हणतो,
“काठीच्या टोकाशी बघ.”
ब्याऐंशी वर्षांचा माणूस,
खिशात मुरांबा लावलेला अर्धा टोस्ट.
त्याला वाकता येत नाही,
म्हणून काठीनेच दाखवतो
शर्टाच्या बटणाएवढं पान.
लाल. केसाळ.
केसागणिक एक थेंब.

त्याच्या भाषेत हे दलदलीचं इवलं दव.
माझ्या भाषेतही दवबिंदूच.
दोन भाषा, एकमेकींना न विचारता
एकाच थेंबाला फसल्या.
ऊन चढलं तरी हा थेंब उडत नाही.
हे मधाचं बोट आहे,
आणि त्यात मध नाही.

साठ वर्षं फेश्टी हीच जमीन कापत होता,
विटा वाळवून चुलीत घालत होता.
जळायला चांगली, म्हणतो, पण बटाटाही धरत नाही.
हजारो वर्षं भिजत पडलेली,
कुणाला काही न देणारी माती.
इथे पोटापाण्याचं कसं करायचं?
पाणी आहे, वाट्टेल तेवढं.
पोटाचं हे असं.

फूल मात्र चार बोटं उंच, पांढरं, सोवळं.
पाहुणे माडीवर,
जेवण तळमजल्यावर.
चुकामूक झाली तर वंश बुडेल.

मी वाळूची पिशवी सरकवते, त्यावर कॅमेरा,
पलीकडून पांढरा कागद धरते उजेड वळवायला.
थेंबात आभाळ उलटं दिसू लागतं.
तेवढ्यात एक माशी येते,
माशी म्हणण्याइतकीही मोठी नाही,
आणि टेकते.

मी श्वास रोखला.
दया म्हणून नव्हे,
फ्रेम हलू नये म्हणून.
सहा पायांतले दोन मोकळे होते,
अठ्ठावीस फोटो.
एकोणतिसाव्यात एकच.
शेजारचे केस तिच्याकडे वळत होते,
इतके सावकाश
की वळताना दिसले नाहीत,
वळलेले दिसले.
माझ्या हाताशी गवताची काडी होती.
ती मी उचलली नाही, हेही लिहून ठेवते.

मग पडदा मोठा करून फेश्टीला दाखवला.
त्याने चष्मा काढला,
कॅमेरा नाकाशी नेला.
“हे?
हे तर आई दुधात उकळायची.
डांग्या खोकल्यावर.”
पुन्हा पाहिलं.
“म्हणजे आम्ही माश्या प्यायलो तर!”
आणि असा हसला
की हसता हसता त्याला खोकलाच आला,
काठी चिखलात रोवून उभा राहिला
छातीतलं सगळं जागेवर येईपर्यंत.

“पाच जण प्यायलो,” म्हणाला. “चार उठलो.”
मी काही विचारलं नाही.
“सोरखा,” म्हणाला,
आणि मी लोळले होते तिथलं शेवाळ
काठीने सारखं करू लागला,
जसं कुणी अंथरूण सारखं करतं
उठून गेलेल्याचं.

बऱ्याच वेळाने पडद्यावर बोट ठेवून,
“ही जिवंत आहे?”
फोटो काढला तेव्हा होती, मी म्हणाले.
त्याने मान हलवली,
कबूल केल्यासारखी,
आणि उरलेला टोस्ट खाल्ला.

वाटेत आम्ही बोललो ते पावसाबद्दल,
त्याच्या गुडघ्याबद्दल,
माझ्या बुटात शिरलेल्या तळ्याबद्दल.
गाडीत कॅमेरा पुसायला घेतला तर
पडद्यावर त्याच्या बोटाचा ठसा, मुरांब्याचा,
आणि त्यात एक चिलट.

मी फुंकर मारली.
पुन्हा मारली.
मग या वेळी
काडी शोधायला खाली उतरले.