येते

गळ्यातल्या ओळखपत्रामागे
एक बटण आहे, मुगाच्या दाण्याएवढं.
फिलिपाचं मनगट एका जिन्यात मोडलं
तेव्हा कुठे कौन्सिलला जाग आली
आणि आम्हा सातजणींना ही यंत्रं मिळाली.
सोबत अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, आणि सँडविच.

नियम सोपा:
दारावर टकटक करण्याआधी बटण एकदा दाबायचं,
कुठे आहे, कुणाकडे, किती मिनिटं, ते बोलायचं.
कुणी ऐकत नसतं तेव्हा. नुसतं साठून राहतं.
वेळ उलटली, किंवा बटण धरून ठेवलं,
तरच शंभर मैलांवरच्या एका खोलीत
कुणीतरी हेडफोन लावतं
आणि स्वतःचा श्वासही कळू न देता ऐकू लागतं.

मी बोलते: "वृंदा. ग्रिम्सबी. फ्लॅट अकरा.
थकलेलं भाडं. वीस मिनिटं."
आणि शेवटी, सवयीने, "येते हं."
कऱ्हाडला असताना "जाते" म्हटलं
की आई फाटकातून परत बोलवायची,
नीट म्हणून घ्यायची, मगच सोडायची.
इथे त्या दोन शब्दांपुढे यंत्र लिहितं: अस्पष्ट.

नोव्हेंबरातला मंगळवार. समुद्रावरचा वारा
मासळीच्या बर्फाचा वास घेऊन जिना चढत होता.
मिस्टर ब्लँचर्ड, वय एकाहत्तर, आठशे बारा पौंड बाकी.
त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं,
दाराला खुर्ची टेकवली
आणि त्याच खुर्चीवर बसले.

बसले. इतकंच. हात मांड्यांवर.
प्रचंड हात, एका बोटाचं पेर नाही.
मी कागद पुढे केले, ते कागदांकडे बघेनात.
म्हणाले, "आता घाई नाही."

ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात.
मी एकच घेतला.
ओळखपत्र सरळ करायच्या निमित्ताने
बटण धरलं. तीन सेकंद. छातीवर
मांजर गुरगुरावं तसं यंत्र थरथरलं, आणि गप्प.

आता ती ऐकत असणार, जी कोण असेल ती.
मी मोठ्याने म्हटलं, "खुर्ची दारापासून हलवाल का?"
तिच्यासाठी म्हटलं, त्यांच्यासाठी नव्हे.
ते म्हणाले, "कडी तुटलीय. उठलो की वारा दार उघडतो,
आणि मग टोबी जायचा उडून."
तेव्हा मला पडद्याच्या दांडीवरचा पोपट दिसला,
मुठीएवढा, माझ्याकडेच बघणारा.

रद्द करायचे शब्द ठरलेले आहेत.
पाठ केले होते, सँडविच खाता खाता.
एकही आठवला नाही.
"मी ठीक आहे" म्हटलं, पण तसं तर
ठीक नसलेली बाईसुद्धा म्हणते,
हे त्या खोलीतल्या बाईला ठाऊक होतं. बरोबरच होतं तिचं.

नवव्या मिनिटाला दोन पोलीस खांद्याने आत आले.
खुर्ची कलंडली, मिस्टर ब्लँचर्ड भिंतीला धरून उभे,
आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून
एक हिरवा ठिपका जिन्यात गेला.

कुणाची चूक नाही, असं अहवालात आहे.
संध्याकाळी त्या खोलीतून फोन आला. ग्लेनिस नाव तिचं.
जुने संदेश ऐकले म्हणाली, सगळे.
"ते शेवटी काय म्हणता हो रोज?"
निघताना म्हणतात, मी सांगितलं. परत येणार, असा अर्थ.
"लिहून ठेवते," म्हणाली.

डिसेंबरात पुन्हा फ्लॅट अकरा.
दार सताड उघडं, विटेने अडवलेलं.
आत ते ओव्हरकोट घालून. खुर्ची खिडकीपाशी.
"आता लावायला कारण नाही," म्हणाले,
"आणि तुम्हालाही बरं."
आम्ही कुडकुडत हप्ते ठरवले, आठवड्याला चार पौंड.
यंत्राने विचारलं, सुरक्षित?
मी होय दाबलं.
उठताना तोंडून निघालंच, "येते."
त्यांनी मान वर केली,
पण बघितलं जिन्याकडे.