बाह्यरेषा

घणसोली, रात्रीचे दोन.
बारकूबाय मिठागरात उभी
आणि माझी पांढरी अक्षरं
मिठात दिसेनाशी.

पिवळा लावून पाहिला. लग्नाची कॅसेट वाटली.
परत पांढरा. काळी बाह्यरेषा दोन. नको, तीन.
सावली बंद;
तिच्या पायाशी आहे तेवढी पुरे.
तळाचं अंतर वाढवलं तशा
भेगाळलेल्या टाचा मोकळ्या झाल्या.

ती म्हणते,
"माजं डोलं मिठानी खाल्लं."

सुकेशनीचा मेसेज: ळ हवा, ल चुकलाय.

फॉन्टात ळ आहे, चांगला गुबगुबीत.
तिच्या तोंडात नाही.

एकदा प्रतिमा झाली
की अक्षराला कुणी हात लावू शकत नाही.
उत्तर न देता एक्स्पोर्ट दाबलं.

चौदा टक्के.
समोर, मिठागर होतं तिथे,
नवव्या मजल्यावर
कुणाच्या तरी मोरीतला दिवा लागला.