पाकोळी घेवडा

काळी पाठ, पांढरं पोट.
आमच्या घरी त्याला पाकोळी म्हणायचे,
कारण शेंगा सोलताना आईला
गोठ्याच्या आढ्याखालची घरटी आठवायची,
आणि मला दुसरं नाव सुचलं नाही
सत्तर वर्षांत.

दर मार्चमध्ये, व्होरूच्या वाचनालयात,
खिडकीबाहेर बर्फ मळून काळा पडलेला असताना,
आम्ही टेबलं जोडतो, बिया मांडतो.
औषधाच्या डब्या, काडेपेट्या,
बँकेच्या पत्रांची उलटी करून चिकटवलेली पाकिटं.
एक ठेवा, एक उचला. पैशाचं नाव नाही.
मी कधी हात आखडता घेतला नाही.
एका वर्षी पोस्टमन कारेलला आठ दाणे दिले,
तो म्हणाला, माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे.
म्हटलं, ठेव.

मग ते वर्ष आलं.
रानचेरी फुलली की थंडी एकदा मागे वळून येते,
हे इथे शेंबडं पोरही जाणतं.
मीही जाणत होते. तरी मेच्या पहिल्या
चार दिवसांच्या उन्हाला भुलले
आणि पेरून मोकळी झाले.
एका सकाळी सगळा वाफा काळा, लिबलिबीत,
उकडून विसरलेल्या पालकासारखा.
राखणीची बरणी होती की शेडमध्ये!
बरणी होती. झाकण सैल होतं.
तळाशी थोडी टरफलं
आणि उंदराच्या लेंड्या,
चकचकीत, काळ्या,
क्षणभर मला दाणेच वाटले.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
वाईकेलाही नाही, जिला मी
गुडघ्याच्या टाक्यांपर्यंत सगळं सांगते.

पुढच्या मार्चमध्ये शेपूचं बी घेऊन गेले.
तिसऱ्या टेबलाशी एक पोरगा, उकू,
पुढचे दात नवे, तोंडाला मोठे होणारे.
त्याच्यासमोर वहीच्या कागदाची पुडी,
वर हिरव्या पेन्सिलीनं: पेंग्विन.

पुडी उघडी होती.
काळी पाठ, पांढरं पोट.

'कुठून आणलेस?'
'मिल्वीबाईंनी शाळेत दिले.'
मिल्वी तिथेच होती. तिला दिराने दिले होते,
दिराला कुणी कारेल म्हणून होता,
पत्रं टाकायचा, वारला तो.

'याला पाकोळी म्हणतात,' मी म्हणाले.
'पाकोळी उडते,' उकू म्हणाला,
'हा पोटावर लोळतो.'
'काठी लावली होतीस?'
'काठी लावायची असते?'

शेपू त्याला नको होता.
सगळ्यांनी शेपूच आणलाय, म्हणाला.
मी पिशवी चाचपली. टिश्यूवर सुकवलेल्या
टोमॅटोच्या बिया होत्या, वाईकेला कबूल केलेल्या.
दिल्या.
त्याने दहा दाणे मोजले,
माझ्याकडे बघितलं, चार परत घेतले.
'मलापण लागतील ना.'
घरचेच दाणे. मी थँक्यू म्हणाले.

या वेळी जूनची दहा तारीख येऊ दिली.
सहा पेरले, पाच उगवले,
एक गोगलगायीने नेला.
ऑगस्टमध्ये उकूला बोलावलं, काठ्या दाखवायला.
मान मागे टाकून तो वरपर्यंत बघत राहिला,
जिथे वेल काठी संपल्यावरही
हवेत काहीतरी चाचपत होता.
मग म्हणाला, बिस्किट आहे का?

काल वाईकेचा फोन.
'तुझं पाकीट आलं. यावर दोन नावं आहेत,
एक खोडलेलं.'
'कुठलं खोडलंय?' मी विचारलं.
'तूच लिहिलंयस ना!'
'हो, पण कुठलं?'
पाकिटात दाणे खुळखुळले, मला इथवर ऐकू आले.
'बरं, ते असू दे,' ती म्हणाली.
'माझा टोमॅटो कुठाय?'