धूर पाजलेलं पाणी

आई, आज मी मुलगी म्हणून आलेली नाही.
गळ्यात ओळखपत्र आहे, बघ,
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र,
टेप, पेन, चार पानी कागद.
बस. हात सैल सोड.

एकशे अठ्ठ्याहत्तर.
पुन्हा घेते. मध्ये बोलू नकोस.

धूम्रपान करता का?
तू मान हलवतेस, गालात पाणी तसंच धरून,
मग डबा ओढून थुंकतेस आणि म्हणतेस,
"मी धूर ओढत नाही. पाण्याला पाजते."

मागे भट्टी चालूच आहे.
डब्यात तंबाखू जळतोय,
बांबूच्या नळीतून धूर पाण्यात उतरतोय,
गुडगुड, गुडगुड.
संध्याकाळपर्यंत पाणी चहाच्या रंगावर येईल,
मग बाटल्या, मग चंफाईचा बाजार.
कागदावर रकाने आहेत विडीचे, सिगारेटचे, चघळायच्या तंबाखूचे.
तुइबुरला रकाना नाही.
'इतर'मध्ये काय लिहू?
"फी लिही," म्हणतेस. "तुझ्या नर्सिंगची. तीन वर्षांची."

जेवणात मीठ?
चुलीवरच्या माळ्याला डुकराचं मांस टांगलंय,
माझ्या जन्माआधीपासून,
तुकडे बदलतात, काजळी तीच.
मी 'जास्त'वर खूण करते
आणि मला भूक लागते.

रोज किती चालता?
इथे तू हसलीस.
"शेत होतं त्या समोरच्या डोंगरावर.
अंधारात उतरायचं, उन्हात चढायचं,
पाठीवर टोपली, टोपलीत तू.
खाल्लेलं मीठ वाटेतच गळून जायचं.
आता तांदूळ रेशनचा, आणि सुमो दाराशी थांबते.
लिही, दारापर्यंत."

कुटुंबात कुणाला कर्करोग?

हा प्रश्न मी न विचारताच भरला.
वडील. जठर.
ऐजॉलहून परत आणलं तेव्हा
पेजेचा एक चमचा उतरायला अर्धा तास लागायचा.

त्या रात्री सगळं गाव आपल्या घरात गात बसलेलं, रीतीप्रमाणे.
बिआकलिआनाकाका पोरांना घेऊन खड्डा खणायला गेले होते.
दोनच्या सुमाराला बाटल्या संपल्या.
बाबांच्या उशाशी बसलेली तू
तशीच उठलीस
आणि भट्टी पेटवलीस.
गाणाऱ्यांना जागं राहायला हवं होतं.
मी तंबाखू कुस्करून दिला.
हे कुठल्या पानावर येतं?

"झालं का?"
सही कर. अंगठा नको, तुला चांगलं लिहिता येतं.
दारछिंगी. वय एकसष्ट.
ही गोळी रोज सकाळी. मीठ निम्मं कर. आणि ते पाणी...
"भट्टीकडे बघ आधी," चष्मा शोधत तू म्हणतेस.

निखारा मंदावलाय.
नळी गार पडली की धूर मागे फिरतो,
हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही.
ओळखपत्र पाठीमागे सारून मी वाकते
आणि फुंकर घालते.