रोजंदारीवरचा मंगळ

पहाटे पाचला मी मंगळ झाडतो.
खराटा त्यांनी कालामाहून आणलाय, निळ्या दांड्याचा.
लामांच्या लेंड्या पोत्यात,
जीपच्या चाकोऱ्या उलट्या हाताने.
आत्याच्या वाड्याचा दगडी गडगा तेवढा
"राहू दे," म्हणाले, "तो संगणकावर पुसू."
दिवसाला पंचवीस हजार पेसो. जेवण धरून.

उजाडलं की सहाचाकी यंत्र निघतं,
थांबतं, मान उंचावतं,
चुकार वासरासारखं इकडेतिकडे बघतं.
तंबूतल्या पडद्यावर आमचीच जमीन येते, पण फिकट.
मग इंग्रिड एक खुंटी पिळते
आणि खोऱ्यावर अशी तांबडी संध्याकाळ उतरते
जी आमच्याकडे कधीच झालेली नाही.
"तिथे असं असतं?"
"लोकांना असं लागतं."
इंग्रिड वाईट नाही. हातमोजे तिनेच दिले मला.

दगडांची बारशी चालतात.
एकाला कुणाच्या कुत्र्याचं नाव,
एकाला कुठल्याशा बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाचं.
चपटा होता तो झाला "न्याहारी".
मिठाच्या खेपेवरून परतताना
आजोबा त्याच्यावर टेकायचे, वहाणेतला खडा काढायला.
त्याला नाव नव्हतं.
कधी लागलंच नाही.

फोटो छापून आला. खाली ठळक अक्षरांत:
माणसाचं पाऊल न पडलेली भूमी.
ओनोराता आत्याने तो चुलीच्या उजेडात धरला,
आधी उलटा, मग सुलटा.
"माझा गडगा?"
पुसला.
"आणि पाणी?"
तिथे पाणी नसतं, आत्या. ते शोधायलाच तर जायचंय.
आत्या हसली, ठसका लागेपर्यंत हसली.
पुरी म्हणतो आम्ही पाण्याला,
जुन्या भाषेतले दहाबारा शब्द तिच्या तोंडात उरलेत
त्यातला हा पहिला.
झरा चाळीस पावलांवर आहे,
फोटोच्या डाव्या कडेपासून.

रात्री त्यांच्यातला एकजण हिरवा किरण फेकून
तारे दाखवतो, हा अमुक, तो तमुक.
आत्या त्यांच्या मधल्या काळोखाकडे बोट करते:
ती बघ लामा. मान लांब केलीय.
पोटाशी पिल्लू. मागे कोल्हा.
"तिथे काही नाही हो," तो म्हणतो, अदबीने,
"नुसती धूळ."
"धूळच की," आत्या म्हणते,
आणि पदरातली, म्हणजे शालीतली, धूळ झटकते
त्याच्या तिपाईवर.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
पाठमोरं चालत कितीही झाडलं
तरी शेवटचं पाऊल उरतं,
ते पुसायला पुन्हा पुढे यावं लागतं
आणि मग नवीन उरतं.
आज एक सोडून दिलं.
"न्याहारी"च्या सावलीत,
टायरच्या वहाणेचं, नक्षीसकट.
बघू,
नाव काय ठेवतात.